पीएचडी झाली, पण रेकॉर्डिंग कुठंय?

पीएचडीचा प्रबंध जमा करताना त्याची सॉफ्ट कॉपी द्यावीच लागते, ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राकडे जाते आणि शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर चढते, मग कुणीही घरबसल्या वाचावा. यूजीसीनं २००९ ला हा नियम आणला आणि तो चांगलाच आहे, नाहीतर आपल्याकडचे प्रबंध लायब्ररीच्या मागच्या कपाटात पिवळे पडत होते. जमा करण्याआधी सॉफ्टवेअर लावून उचलेगिरी तपासतात, २०१८ च्या नियमाप्रमाणे दहा टक्क्यांच्या वर साम्य दिसलं की कारवाई होते. म्हणजे कुणाचं वाक्य उचललं का, याची काळजी विद्यापीठ करतं.

पण ज्या प्रबंधाचा विषयच गाणं आहे त्याचं काय? वर्ष दोन वर्ष गावोगाव फिरून, वारीत चालून, जागरण-गोंधळाच्या रात्री जागून, तमाशाच्या तंबूत बसून जे आवाज रेकॉर्ड केले त्यांच्यावर तो प्रबंध उभा असतो, आणि ते आवाज कुठं जमा करायचे यावर यूजीसीच्या नियमात एक ओळ नाही. प्रबंध शोधगंगावर जातो, आवाज विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये राहतो, लॅपटॉप बदलला की जुन्या हार्ड डिस्कवर, आणि हार्ड डिस्क बंद पडली की संपलं.

माझं म्हणणं असं की सामाजिक मानववंशशास्त्र किंवा एथ्नोम्युझिकॉलॉजीत (म्हणजे संगीताचा त्या त्या समाजासकट अभ्यास करणाऱ्या शास्त्रात) गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांवर पीएचडी करायची असेल तर गाणाऱ्याला विचारून त्याचं नाव नोंदलेलं पाहिजे, मूळ रेकॉर्डिंग संस्थेत जमा झालेलं पाहिजे, आणि त्याची एक प्रत त्या माणसाच्या घरी पोचलेली पाहिजे. एवढं झाल्याशिवाय डिग्री देऊ नये. शोधगंगासारखा नियमच करा, कारण नियम नसला की ते प्रत्येकाच्या चांगुलपणावर राहतं आणि चांगुलपणा प्रबंधाच्या शेवटच्या सहा महिन्यांत सगळ्यात आधी संपतो, हे पीएचडी केलेल्या कुणालाही विचारा.

"रेकॉर्डिंग म्हणजे नोट्सच की, नोट्स कुठं कोण जमा करतं" असं म्हणणारे भेटतात. त्यांना समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास आठवत असतील. मुंबई विद्यापीठात घुर्येंचे विद्यार्थी, मग ऑक्सफर्डला गेले, म्हैसूरकडच्या एका गावात फील्डवर्क केलं आणि पुढं अमेरिकेत स्टॅनफर्डला त्यावर लिहायला बसले. एप्रिल १९७० मध्ये तिथं जाळपोळ झाली आणि त्यांनी वर्षानुवर्षं तयार केलेल्या नोट्सच्या तिन्ही प्रती जळाल्या. त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं, ते १९७६ ला आलं आणि आजही शिकवलं जातं. माणूस मोठाच होता. पण ते गावावरचं पुस्तक होतं म्हणून जमलं. कोण कुणाशी भांडलं, जमीन कुणाची, लग्नात मान कुणाचा हे आठवणीतून लिहिता येतं. एखाद्या बाईनं ओळ कुठं तोडली, स्वर कुठं खाली आणला, शेजारीण कुठल्या शब्दावर तिच्यात मिसळली, हे कितीही हुशार माणसाला वीस वर्षांनी आठवणीतून आणता येणार नाही. गाण्याच्या अभ्यासात रेकॉर्डिंग हाच पुरावा असतो, आणि पुरावा गेला की प्रबंधातलं विश्लेषण खरं का खोटं हे तपासायला कुणाकडेच काही उरत नाही.

जात्यावरची ओवी घ्या. कागदावर ती दोन ओळींत मावते. प्रत्यक्षात बाई पहिल्या ओळीचा अर्धा भाग म्हणते, तोच परत म्हणते, मधे "गं बाई", "माझ्या सयांनो" असं काहीबाही येतं, खुंटा ओढताना जोर लागतो तिथं स्वर आवळतो आणि पुढं सुटतो, समोर बसलेली दुसरी बाई ओळ उचलते तोवर पहिली दम घेते. खाली दगडाची घरघर चाललेली असते, आणि दाणे संपत आले की ती घरघर बदलते तसं गाणंही बदलतं. प्रबंधात यातलं किती येतं? दोन ओळी आणि खाली "स्त्रीच्या दुःखाचा आविष्कार" असं एक वाक्य. लिहिणाऱ्याचा दोष नाही, कागदावर एवढंच येतं. म्हणून तर आवाज हवा.

आणि आपल्या महाराष्ट्रात हे नीट करून दाखवलेलं आहे, परदेशातलं उदाहरण शोधायचीही गरज नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी पुण्यातून १९८० च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. मुळशीच्या डोंगरातल्या गरीब बायकांबरोबर संघटनेचं काम चाललं होतं, त्यातून हे उभं राहिलं. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल हे कॉम्प्युटर आणि संगीत दोन्ही जाणणारे गृहस्थ आले, त्यांनी डेटाबेस बांधला आणि साधारण १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. प्वातवाँ २००४ ला गेले, राईरकर २०१० ला गेल्या. इथं खरं तर हे सगळं संपायला हवं होतं, आपल्याकडे असंच होतं, माणूस गेला की घरचे लोक कागद रद्दीत घालतात. पण सगळं नोंदलेलं होतं. प्रत्येक ओवीला नंबर, गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, विषय. त्यामुळे पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाला ते पुढं नेता आलं आणि २०१७ पासून त्या ओव्या नेटवर यायला लागल्या.

तिथं जाऊन बघा एकदा. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे, नावानिशी. राधाबाईंच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ऐकताना ही अमुक गावची अमुक बाई आंबेडकरांबद्दल काय विचार करत होती ते कळतं, "दलित स्त्रीगीते" अशा गोळाबेरीज मथळ्याखाली ते कधीच कळलं नसतं. पारीची माणसं नंतर काही गावांत परत गेली, गायिकांना भेटली, फोटो काढले, व्हिडिओ केले. हे दुसऱ्या पिढीतल्या लोकांना करता आलं ते पहिल्या पिढीनं गावाचं आणि बाईचं नाव लिहून ठेवलं होतं म्हणून. वीस वर्षांनी "मराठवाड्यातील एक वृद्धा" हिला शोधत कुठं जाणार?

माझ्या आईची मावशी, सगळा गोतावळा तिला जिजी म्हणायचा, माणदेशात दिली होती. कॅसेटच्या जमान्यात तिच्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी आली होती. मुलगी गुणाची होती, घरात जेवली, लेकींशी मैत्री केली, जिजीला साडी आणली. जिजी तिच्यापुढं पोटभर गायली, घरातल्या लोकांनी कधी न ऐकलेलंही गायली असं आई सांगायची. पुढं बऱ्याच वर्षांनी मला तो प्रबंध एका लायब्ररीत वाचायला मिळाला. ओव्या नीट उतरवलेल्या होत्या, अर्थ लावलाय तोही चांगला. परिशिष्टात यादी होती आणि जिजी त्यात होती ती अशी: "वृद्ध स्त्री, वय अंदाजे ६५, निरक्षर, शेतमजुरी". गावाचं नाव आहे, तालुका आहे, जातीचाही रकाना भरलाय, नाव तेवढं नाही. मी गाईडपर्यंत पोचायचा प्रयत्न केला तर कॅसेट असतील कुठंतरी असं उत्तर मिळालं. आमच्या घरात जिजीचा आवाज नाही. तिच्या नातीला आजीचा आवाज ऐकायचा असेल तर तो या जगात कुठल्यातरी माळ्यावर असेल किंवा नसेल, पण त्याच्यावर मिळालेली डिग्री मात्र नक्की आहे.

त्या मुलीला मी वाईट म्हणत नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचं ट्रेनिंगच असं होतं की माहिती देणाऱ्याचं नाव लपवायचं. आणि इथं या दोन शास्त्रांमधली खरी अडचण आहे, जिच्यावर आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

सामाजिक मानववंशशास्त्राची शिकवण अशी की माणसाला त्रास होऊ नये म्हणून नाव बदला, जमलं तर गावाचंही बदला. श्रीनिवासांच्या पुस्तकातलं रामपुरा हे बदललेलं नाव, खरं गाव कोडगहळ्ळी. सासू-सुनेची भांडणं, कर्ज, दारू, निवडणुकीतले पैसे असलं काही लिहायचं असेल तर हे बरोबरच आहे. पण संगीतात नाव म्हणजे माणसाची कमाई असते. शास्त्रीय गायकाची मुलाखत घेतली तर आपण त्याचं नाव, गुरूचं नाव, घराणं, सगळं आदबीनं लिहितो, कानाची पाळी पकडून लिहितो. तेच शाहीर, मुरळी, हलगीवाला, ओवी गाणारी बाई असली की ती "निवेदक क्रमांक नऊ" होते. एकाच विद्यापीठात एकाच मजल्यावर हे दोन न्याय चालतात आणि त्यातली रेघ कुठं पडते ते बघितलं तर ती जातीवर आणि बाईपणावर पडते. मला हे सगळ्यात जास्त लागतं.

म्हणून सरसकट सगळ्यांची नावं छापा असंही मी म्हणत नाही. तमाशाचं उदाहरण घ्या. विठाबाई नारायणगावकरांचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे, पण संगीतबारीत नाचणाऱ्या अशा कितीतरी बायका आहेत ज्यांची मुलं दुसऱ्या गावी शिकतात आणि आई काय करते हे शाळेत कुणाला माहीत नसतं. २०२४ ला अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळालेल्या शैलजा पैक यांचं तमाशावरचं संशोधन हेच दाखवतं की या बायकांच्या कलेला अश्लील म्हणून शिक्का मारताना त्यांची जात, त्यांची इज्जत आणि त्यांची रोजीरोटी कशी एकमेकांत अडकवली गेली. अशा बाईचं नाव न विचारता छापणं हा अन्यायच. पण न विचारता पुसणं हाही अन्याय आहे. दोन्हीकडे तिला विचारलेलं नसतं. साधी गोष्ट आहे, तिला तिच्या भाषेत समजावून विचारा: बाई, हे गाणं तुमच्या नावानं ठेवू का, का नाव बदलू, हे नेटवर टाकलं तर चालेल का, का फक्त अभ्यासाला ठेवू. आणि तिचं उत्तर त्याच रेकॉर्डरवर घ्या. सही-अंगठ्याच्या इंग्रजी फॉर्मपेक्षा तिच्या आवाजातलं "हां, माझं नाव लावा" हे जास्त खरं आहे. आणि प्रत्येक गाण्याला वेगळं विचारा, कारण तीच बाई अभंगाला हो म्हणेल आणि सवाल-जवाबाला नको म्हणेल, तो तिचा हक्क आहे.

हक्क म्हणतोय ते मोघम नाही, कायद्यात आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात १९९४ च्या दुरुस्तीनं सादर करणाऱ्यांना हक्क मिळाला. सादर करणारा म्हणजे कोण याची यादीच कायद्यात आहे: नट, गायक, वादक, नर्तक, कसरती करणारा, जादूगार, गारुडी, व्याख्यान देणारासुद्धा. म्हणजे डोंबाऱ्याला आणि गारुड्याला कायद्यानं नाट्यगृहातल्या गायकाच्या ओळीत बसवलंय. २०१२ ला त्यात कलम ३८ ब आलं, त्याप्रमाणे आपण हे सादर केलंय अशी ओळख लागावी हा सादर करणाऱ्याचा नैतिक हक्क आहे, आणि आपल्या सादरीकरणाची मोडतोड होऊन आपली बदनामी होत असेल तर ती थांबवायचाही. दुसऱ्या बाजूला कलम ३९ प्रामाणिक अध्यापन आणि संशोधनापुरत्या केलेल्या रेकॉर्डिंगला सूट देतं. ही सूट हवीच, नाहीतर फील्डवर्क अशक्य होईल. पण सूट "केवळ संशोधनासाठी" आहे. तेच रेकॉर्डिंग पुढं यूट्यूब चॅनलवर गेलं, कुणी त्यावर बीट टाकून रील केलं, की ती सूट संपली. किती गाईड आपल्या विद्यार्थ्यांना ही दोन कलमं समजावून सांगतात? मेथडॉलॉजीच्या पेपरात सॅम्पलिंगवर चार लेक्चरं होतात, यावर अर्धं तरी व्हावं.

नाव सुटलं की पुढं काय होतं याचं एक उदाहरण सगळ्या जगानं ऐकलंय, ते कशाचं आहे ते माहीत नसतं एवढंच. पॅसिफिक महासागरात सॉलोमन बेटं आहेत, त्यातल्या मलाइता बेटावर १९७० च्या सुमारास ह्यूगो झेम्प या एथ्नोम्युझिकॉलॉजिस्टनं अफुनाक्वा नावाच्या बाईची अंगाई रेकॉर्ड केली. त्याने नाव नोंदवलं होतं. ती युनेस्कोच्या मालिकेत रेकॉर्डवर आली. १९९२ ला डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीनं तो आवाज उचलून इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर बसवला, अल्बम लाखोंनी खपला, जाहिरातींत वाजला, आणि त्यावर अफुनाक्वाचं नाव नव्हतं. पुढं नॉर्वेच्या एका मोठ्या सॅक्सोफोनवादकानं तीच चाल घेतली आणि तिला आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांची अंगाई म्हटलं. बाईचं नाव आधी गेलं, मग तिचं बेट गेलं, मग महासागरसुद्धा बदलला. स्टीव्हन फेल्ड या मानववंशशास्त्रज्ञानं हे सगळं खोदून काढून लिहिलं म्हणून आपल्याला कळलं, आणि त्याला ते खोदता आलं कारण झेम्पनं मूळ नोंद नीट केली होती. नोंद असून हे झालं, तर नोंदच नसेल तर?

तैवानचे आमिस आदिवासी गायक दीफांग यांच्या बाबतीत नोंद उपयोगी पडली. १९८८ ला ते फ्रान्समध्ये गाऊन आले, तिथलं रेकॉर्डिंग एनिग्मा या पॉप ग्रुपच्या गाजलेल्या गाण्यात वापरलं गेलं आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या प्रचारात जगभर वाजलं. म्हाताऱ्याला मित्राचा फोन आला की तुमचा आवाज टीव्हीवर लागलाय. त्यांनी केस केली, १९९९ मध्ये समझोता झाला, श्रेय मिळालं. कोण गातंय हे सिद्ध करता आलं म्हणून.

हे आपल्याकडे होणार नाही असं कुणी समजू नये. हळदीच्या डीजेवर कोळीगीतं, भारुडं, खंडोबाची गाणी कापून-जोडून वाजतात ती कुणाची मूळ आहेत ते वाजवणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि आता तर आवाज गोळा करून मशीनला शिकवायचे दिवस आलेत, बेवारशी आवाज आधी उचलले जाणार.

परत देण्याबद्दल बोलतो. जगातलं सगळ्यात जुनं फील्ड रेकॉर्डिंग म्हणतात ते १८९० चं, अमेरिकेतल्या मेन राज्यात जेसी फ्यूक्सनं पॅसमक्वॉडी आदिवासींचे आवाज एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यांवर घेतले. ती नळकांडी म्युझियममध्ये आणि मग लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेली. नव्वद वर्षांनी, १९८० च्या आसपास, कॅसेटवर प्रती त्या समाजाला परत मिळाल्या, खरखरीत, नीट ऐकूही येत नव्हतं. मग अलीकडे नव्या तंत्रानं ती साफ केली आणि यावेळी लायब्ररीनं त्या समाजालाच बसवून विचारलं, यात काय आहे, नाव काय द्यायचं, कुणी कसं वापरायचं. कॅटलॉगमध्ये त्यांच्या भाषेतली नावं आली, वापराच्या अटी त्यांनी सांगितल्या तशा लागल्या. जे शब्द अभ्यासकांना शंभर वर्षांत कळले नव्हते ते घरच्या माणसांनी ओळखले.

हा परत देण्याचा फायदा संशोधकालाच सगळ्यात जास्त होतो, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. तुम्ही रेकॉर्डिंग घेऊन परत जा आणि त्या बायकांसमोर वाजवा. पहिली पाच मिनिटं हसणं, मग एक म्हणते, "अगं इथं रखमानं ओळ खाल्ली", दुसरी म्हणते ही ओवी माझ्या माहेरची, तिकडं शेवट वेगळा आहे, तिसरी गायला लागते. एका बसण्यात जेवढा डेटा मिळतो तेवढा पहिल्या फेरीत मिळालेला नसतो. शिवाय तुम्ही चुकीचं ऐकलेलं दुरुस्त होतं. व्हायव्हात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकाला माणदेशी बोलीतला शब्द चुकला ते कळणार नाही, त्या बाईला कळतं.

आता आक्षेप. पैशाचा आक्षेप मी मनापासून मानतो. जेआरएफ ही पीएचडीसाठीची केंद्राची फेलोशिप महिन्याला ३७ हजार आहे पण ती सगळ्यांना कुठं मिळते, आणि बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी आपल्या पोरांनी रस्त्यावर बसून आंदोलनं केलीत. त्यांच्यावर आणखी एक खर्च टाकायचा नाही. पण हिशोब तर करा. चांगल्या दर्जाचं, ४८ किलोहर्ट्झ २४ बिटचं स्टिरिओ रेकॉर्डिंग तासाला साधारण एक जीबी होतं. राईरकर-प्वातवाँ-बेल यांचा १२० तासांचा सगळा ठेवा या दर्जानं ठेवला तरी आज एका पेन ड्राइव्हमध्ये मावेल. एका विद्यार्थ्याचं रेकॉर्डिंग त्याहून कमीच असणार. विद्यापीठाच्या सर्व्हरवर यापेक्षा जास्त जागा दीक्षान्त समारंभाचे फोटो खातात. खर्च जागेचा नाही, माणसाचा आहे, नोंदी तपासणारा, फाइल उघडते का बघणारा एक माणूस लागतो, आणि तो विद्यापीठानं नेमायचा.

दुसरा आक्षेप, माझं आयतं रेकॉर्डिंग दुसरा वापरेल. भीती खरी आहे, पोटाचा प्रश्न आहे. मग ठेवा ना चार-पाच वर्षं कुलपात, आधी तुमचं पुस्तक येऊ द्या. पण कायमचं कुलूप नको. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांमध्ये वर्षानुवर्षं फिरून बिरोबा, धुळोबाच्या ओव्या रेकॉर्ड केल्या, ते १९९२ ला गेले. त्यातल्या लांबलचक कथा ॲन फेल्डहाउस यांनी मराठी सहकाऱ्यांबरोबर काम करून इंग्रजीत आणल्या त्या २०१४ ला. बावीस वर्षांनी. सामान टिकलं म्हणून दुसऱ्या अभ्यासकाला ते करता आलं, आणि त्यानं सोन्थायमर यांचं नाव मोठंच झालं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे काही गाणी सगळ्यांसाठी नसतातच. देवीपुढं रात्री ठरावीक वेळीच म्हणायचं, बायकांनी बायकांतच म्हणायचं, मयताला म्हणायचं. ते मोबाईलवर कुणीही कधीही लावावं हे त्या लोकांना नको असू शकतं, आणि आपण "ज्ञान सगळ्यांचं" म्हणून ते उघडं टाकणं ही दांडगाई होईल. म्हणून जमा करणं आणि उघडं करणं या दोन वेगळ्या गोष्टी ठेवा. जमा सगळं करायचं, उघडं तेवढंच करायचं जेवढ्याला गाणाऱ्यांनी हो म्हटलंय.

कुठं जमा करायचं? गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं एथ्नोम्युझिकॉलॉजीचं आर्काइव्ह आहे, १९८२ ला सुरू झालं ते याच कळकळीतून की भारतात केलेली रेकॉर्डिंग परदेशात जातात, त्यांची प्रत इथंही असावी. आपले संगीत अभ्यासक अशोक दा. रानडे यांनीही तिथं काही काळ काम केलंय. परदेशी अभ्यासकांनी नेलेल्या गाण्यांची प्रत इथं राहावी म्हणून आपण चाळीस वर्षांपूर्वी जागे झालो आणि आपल्याच विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डिंगचं काय, हे अजून ठरवलं नाही. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, पुण्यात ललित कला केंद्र आहे, डेक्कन कॉलेज आहे. यातल्या एकानं तरी राज्यभरातल्या प्रबंधांच्या रेकॉर्डिंगची जबाबदारी घ्यावी आणि सरकारनं त्याला पैसे द्यावेत. गाणाऱ्याला मात्र हार्ड डिस्क देऊन उपयोग नाही, त्याच्या नातवाच्या व्हॉट्सॲपवर एमपीथ्री पाठवा, मेमरी कार्डवर भरून द्या, एक प्रत गावच्या शाळेत द्या.

व्हायव्हाच्या आधी गाईडनं एका कागदावर सही करावी: रेकॉर्डिंग जमा झालं, कोणाकोणाला प्रत दिली, कुणी नाव लावायला सांगितलं, कुणी नको म्हटलं. बास, एवढाच कागद.

आणि झालेल्या प्रबंधांचं काय, तर तेही आत्ताच करायला हवं, नवा नियम येईपर्यंत थांबता येणार नाही. रिटायर झालेल्या कितीतरी प्राध्यापकांच्या घरी पोटमाळ्यावर खोकी आहेत, सोनीच्या, टी-सीरिजच्या साठ-नव्वद मिनिटांच्या कॅसेट. कोकणात मुंबईत दमट हवेनं टेपला बुरशी येते, देशावर उन्हानं टेप वाकडी होते, आणि नव्वद मिनिटांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला नव्वद मिनिटंच लागतात, तिथं शॉर्टकट नाही. चालू स्थितीतला चांगला प्लेअर मिळणं दरवर्षी अवघड होतंय. त्याहून लवकर जातेय ती ओळखणारी माणसं, कारण कॅसेटवर नुसतं "फलटण, साइड बी" लिहिलेलं असतं आणि आवाज कुणाचा ते एकट्या सरांना किंवा मॅडमना माहीत असतं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत जाऊन बसावं, एकेक कॅसेट लावावी, आणि सर-मॅडम सांगतील तसं कोण गातंय, कुठल्या वाडीवर, साधारण कुठल्या साली हे लिहून काढावं. डिजिटायझेशनचे पैसे नंतर मिळतील, नावं आधी लिहून घ्या.